भागुबाईची तालीम

परभणी,
१४ नोव्हेंबर १९५७

प्रिय बन्सीधर,

सर्वात आधी एक गंभीर तक्रार नोंदवून घे. कोर्टाच्या आवारातल्या लिंबाखाली, बुंध्याला पाठ टेकून बसायची माझी जी जागा आहे, तिच्यावर गेल्या सोमवारपासून एका सायकलीनं कब्जा केला आहे. सायकल एका नव्या वकिलाची आहे आणि तिच्या हँडलला त्याचा जेवणाचा डबा लटकलेला असतो, म्हणजे कब्जा कायमचा करायचा इरादा स्पष्ट दिसतो. माझी तिथली वहिवाट बारा वर्षांची, उघड आणि अखंड. बुंध्यावर माझ्या डोक्याच्या तेलाचा डाग आहे, तो दस्तऐवजी पुरावा. निजामाचं राज्य होतं तेव्हा मी तिथं बसत होतो. पोलीस ॲक्शन झाली त्या आठवड्यातही बसलेलो होतो. गेल्या साली आपण सगळे मुंबई राज्यात गेलो, तेव्हाही मी जागचा हललो नाही. तीन सरकारं बदलली, पण मला कुणी ऊठ म्हणालं नाही. ते काम या सायकलीनं केलं. तेव्हापासून मी उन्हात उभा राहून अशिलांशी बोलतो आहे आणि माझ्या बाजूनं एकही साक्षीदार मिळत नाही.

तुझं बरं आहे. हैदराबादच्या हायकोर्टातल्या आपल्या मुलखाच्या मिसलींचे गठ्ठे मुंबईला निघाले, तसा तूही त्यांच्या मागं बोचकं बांधून गेलास. इथं मात्र आम्ही रोज काही तरी विसरून काही तरी नवं शिकायचं असं चाललं आहे. पूर्वी ‘मुवक्किल’ म्हणायचो, आता ‘पक्षकार’ म्हणायचं. हाकिम उर्दूत ओरडायचे, आता मराठीत ओरडतात. समोरच्याला अर्थ कळतो एवढाच फरक. माझा मुन्शी सटवाजी अजून अर्जाच्या शेवटी नकळत उर्दूत सही ठोकतो आणि मग जीभ चावतो. माझी प्रकृती ठीक. जेवण जातं. झोप लागते. मुद्दाम लिहितो, कारण गेल्या दहा दिवसांत हे दोन्ही बिघडावं अशी मी वाट बघतो आहे आणि ते काही बिघडत नाही. दाढी करताना आरशात बघितलं तर रोजचाच माणूस दिसतो. मला आधी वाटलं, आपण धीराचे. मग लक्षात आलं, की पाय अवघडून बधिर झाला म्हणजे त्याच्यावर उभं राहिलं तरी काही कळत नाही, तसं काहीसं झालं आहे.

तू इथं होतास तेव्हा माझ्या ओट्यावरची तालीम पाहिली आहेस. तेव्हा तू मला नाटक कंपनीचा मालक म्हणायचास. अजूनही तीच पद्धत आहे. अशील येतो, ‘साहेब, लय मोठी कहाणी हाय,’ असं म्हणून बुडापासून सुरुवात करतो. आपण त्याला आज्याच्या लग्नापाशी अडवतो, कहाणीतलं आपल्याला लागेल तेवढं उपसून घेतो आणि बाकीचं त्याला घरी न्यायला सांगतो. मग वकालतनामा. मग साक्षीची तालीम: मी हाकिम होतो, सटवाजी विरुद्ध पक्षाचा वकील होतो आणि डोळे वटारून उलटतपासणी घेतो. त्यात तो इतका रंगतो की एकदा एका म्हाताऱ्यानं त्याच्यावर जोडा उगारला होता. या तालमीच्या जोरावर मी परभणीत नाव कमावलं. किशन वकिलाचा साक्षीदार फुटत नाही, असं लोक म्हणतात. ते खरंच आहे. फुटत नाही.

दोन वर्षांमागं, पंचावन्नच्या पावसाळ्यात, झरीच्या बाजूच्या एका खेड्यातली भागुबाई नावाची धनगराची विधवा माझ्याकडं आली. सोबत दीर लिंबाजी आणि कडेवर पोरगी, मनकर्णा. नवरा मल्हारी आदल्या वर्षी तापानं गेलेला. चार एकर रान हे लोक वीस वर्षं कुळानं कसत होते. मालक भुजंगराव देशमुख. नवा कुळकायदा आला आणि कुळाच्या नावावर जमीन होणार अशी हवा सुटली, तशी भुजंगरावांना एकाएकी एक कागद सापडला. मल्हारीनं १२ जानेवारी १९५३ ला जमिनीचा राजीनामा, म्हणजे कुळाचा हक्क सोडल्याचा कागद, लिहून दिला, गावात, चावडीवर, दोघांच्या समक्ष अंगठा केला, असा. मल्हारी जिवंत होता तोवर हा कागद कुणी पाहिला नव्हता. तो मेल्यावर कागद बोलू लागला. चार एकर म्हणजे तुमच्या मुंबईत काहीच नसेल. इथं त्या घराला वर्षाची ज्वारी तिथून मिळते, आणि मेंढरांना पावसाळ्यात उभं राहायला तेवढीच हक्काची जागा.

वकालतनाम्यावर अंगठा घेताना भागुबाईनं विचारलं, ‘ह्याच्यात काय लिव्हलंय, साहेब?’ सहसा कुणी विचारत नाही. मी घाईत होतो. म्हणालो, याचा अर्थ इतकाच, की आता इथून पुढं मी जे बोलेन ते तूच बोललीस असं धरायचं. ती म्हणाली, ‘म्हंजी माझं बोलनं तुमच्या हवाली?’ मी म्हणालो, तसंच समज. तिनं अंगठा शाईत बुडवला आणि असा दाबून उमटवला की कागद फाटतो की काय असं वाटलं. सटवाजी नंतर म्हणाला, ‘वकीलसाहेब, बाई सोताला गहान टाकल्यासारकी अंगठा करायलीय.’ आम्ही दोघं हसलो.

खटल्यात मुद्दे दोन निघाले. पहिला, मल्हारी जमीन स्वतः कसत होता का. दुसरा, राजीनाम्यावरचा अंगठा त्याचा का. दुसऱ्यासाठी मल्हारीचा खरा अंगठा कुठं सापडतो का म्हणून मी दप्तरं उपसली, पण तो माणूस आयुष्यात कागदाच्या वाटेला गेलेला दिसेना. तेव्हा भुजंगरावांचे दोन साक्षीदार उलटतपासणीत लोळवायचे, असं ठरवलं. पहिल्या मुद्द्याची मला जास्त धास्ती. धनगर म्हणजे फिरतीवरचा माणूस. विरुद्ध वकील पहिल्याच सवालात म्हणणार, की हे लोक सहा महिने मेंढरांमागं हिंडतात, हे कसलं स्वतः कसणं? कायद्यात साफ लिहिलं आहे, की घरातल्या माणसानं कसलं तरी ते स्वतः कसल्यातच जमा. आणि लिंबाजी रब्बीला मागं राहून रान राखायचा. हे मी वाचलेलं होतं, बन्सीधर. पण सरळ आहे ते सांगितलं तर हाकिमाला पटतं, यावर माझा विश्वास कधीच नव्हता. म्हणून मी भागुबाईला एक सुबक वाक्य करून दिलं: नवरा बारा महिने शेतातच असायचा, गाव सोडून कुठं जायचा नाही.

तालीम छप्पन्नच्या जुलैत झाली. पहिल्या दिवशी ती अडखळली. ‘पर साहेब, दिवाळी झाली की आमी तर...’ मी हात वर केला. दिवाळीचं कुणी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सटवाजीनं डोळे वटारून विचारलं, हिवाळ्यात नवरा कुठं असायचा? ती माझ्याकडं बघून म्हणाली, ‘आता ही पोरगी तर पल्याड झाली, मंग म्या...’ मी खेकसलो, पोरीचं काय काढतेस मधेच? कोर्टात पोरीबाळींचं काढायचं नाही. जेवढं विचारलं तेवढंच, आणि शिकवलं तसंच. पोरगी ओट्याच्या कडेला बसून शेंगा फोडत होती. तिसऱ्या दिवशी बाईला वाक्य असं चोख आलं की सटवाजीनं आपणहून हार मानली.

साक्षीच्या दिवशी विरुद्ध वकील फार मऊपणानं बोलला. ‘बाई, तुमचा नवरा मेंढरं घेऊन बाहेरगावी जायचा का?’ ‘न्हाई.’ ‘हिवाळ्यातसुद्धा नाही?’ ‘न्हाई.’ ‘म्हणजे पौषात, संक्रांतीच्या सुमाराला गावातच?’ ती उत्तर देण्याआधी दर वेळी माझ्याकडं बघत होती, आणि मी पापणीनं हो म्हणत होतो. ‘बारा म्हयने शेतातच. गाव सोडून कुटं जात न्हवते.’ वकिलानं मान लववली आणि तो खाली बसला. तो हसत होता. मीही हसत होतो. दोघंही जिंकलो असं वाटायला लावणारी साक्ष मी कारकिर्दीत पहिल्यांदाच पाहत होतो, आणि यात काही तरी विपरीत आहे हे मला कळलं नाही.

नंतरच्या तारखांना ती न चुकता यायची. पावसाळ्यातल्या तारखेला झरीकडून पायी, आणि हिवाळ्यातल्या तारखेला सोनपेठच्या मोटारीनं, गुडघ्यापर्यंत धूळ घेऊन. ही झरीची बाई थंडीत सोनपेठच्या मोटारीतून का उतरते, असा प्रश्न कोणत्याही हमालाला पडला असता. मला पडला नाही. मला तिच्याकडून ‘हजर’ एवढंच हवं होतं, आणि ती हजर होती.

निकाल यंदाच्या जूनमध्ये लागला. हाकिमांनी पहिला मुद्दा आमच्या बाजूनं दिला. म्हणजे मल्हारी जमीन स्वतः कसत होता. किशन वकिलाचं वाक्य पूर्णपणे शाबीत. मग दुसरा. मयत बारा महिने गावातच असे, हे त्याच्या बायकोनंच शपथेवर सांगितलं आहे. तेव्हा १२ जानेवारीला तो चावडीवर हजर होता हे मानायला अडचण नाही. दोन साक्षीदार तेच सांगतात. सबब राजीनामा खरा. माझ्याच दोरीनं माझीच मोळी बांधून हाकिमांनी ती मला परत केली. अपिलात वरच्या साहेबांनी दिवाळीच्या तोंडावर तेच एका पानात कायम केलं. होळी झाली, रब्बीचं पीक निघालं, की भागुबाईनं कब्जा सोडायचा.

जूनमध्ये कोर्टाच्या पायरीवर मी तिला निकाल समजावून सांगितला. म्हणजे कायदा समजावला. ती ऐकत होती. मग म्हणाली, ‘साहेब, म्या कुटं चुकले? येखांदा शबूद इकडचा तिकडं झाला का माह्याकून?’ तिला वाटत होतं की आपण पाठ केलेलं नीट म्हटलं नाही. मी म्हणालो, तसं काही नाही, कायदाच तसा आहे. आणि दुसरा अशील उभा होता म्हणून वळलो. लिंबाजी जिन्याखाली ऐकत होता. निकालात ‘तिच्या स्वतःच्या तोंडून’ असे शब्द आहेत, ते कुणी तरी गावात वाचून दाखवले. तेव्हापासून दीर तिच्याशी बोलला नाही. गावात बाया पाणवठ्यावर म्हणायच्या, की भागीनं तोंडानं रान घालवलं.

दिवाळीनंतर, म्हणजे दहा दिवसांखाली, ती सकाळीच माझ्या दारात आली. रडायला नाही, निरोप घ्यायला. ‘साहेब, मेंढरं हाकायची येळ झाली. पाऊस पडंस्तवर आता येनं न्हाई व्हायचं. कागदाचं काही आलंच तर लिंबाजीला कळवा, माह्याशी तर तो बोलत न्हाई.’ मी वर्तमानपत्र वाचत होतो. सहज, केवळ बाईशी काही तरी बोलावं म्हणून, विचारलं, दर साली जाता का? ‘हर साली.’ मल्हारीही? ‘ते तर म्होरं असायचे.’ मी वर्तमानपत्र खाली ठेवलं. म्हणालो, तो राजीनाम्याचा कागद आहे त्या साली? तिनं पोरीकडं बोट केलं. ‘त्या साली तर ही झाली की. सोनपेठच्या पल्याड, रायभान पाटलाच्या रानात. खतासाटी मेंढरं बशिवली व्हती त्यांच्या शेतात पंदरा दिस. भोगीच्या आदल्या दिशी झाली. रायभान पाटलाच्या मायनं बाळतपन केलं, आन् ह्येंनी सोता जाऊन वहीत लिव्हून आले. अंगठा देऊन.’

मी बोटांवर मोजलं. संक्रांत चौदा, भोगी तेरा, आदला दिवस बारा. बारा जानेवारी त्रेपन्न.

मी विचारलं, हे मला का नाही सांगितलंस? माझा आवाज चढला होता, याची आता लाज वाटायला हवी, ती वाटत नाही. ती घाबरली नाही, तिला फक्त नवल वाटलं. ‘सांगत व्हते की. तुमी म्हनलात, पोरीचं काडायचं न्हाई. आन् बोलनं तर तुमच्या हवाली केलं व्हतं. तुमी वकील, तुमाला ठाव असंलच म्हनलं, की ते न्हवते गावात. तरी बी तुमी तसं बोलायला लावायलाव, म्हंजी त्यातच काही तरी फायदा असंल.’ म्हणजे बघ. तिला वाटलं, मी जाणूनबुजून खोटं बोलायला लावतोय आणि त्यामागं माझी काही तरी खोल अक्कल आहे. इतका विश्वास माझ्यावर माझ्या बायकोनंही कधी टाकला नाही, आणि ती शहाणी ठरली.

परवा मी सोनपेठला जाऊन आलो. पुढं बैलगाडीनं रायभान पाटलाच्या गावी. म्हातारी आई गेली. रायभान आहे, त्याला सगळं आठवतं, कारण त्या पंधरवड्यात बसलेल्या मेंढरांच्या खतावर त्याची पुढल्या साली दुप्पट ज्वारी झाली. गावच्या जन्माच्या वहीत नोंद आहे. मुलगी, जन्म १२ जानेवारी १९५३, बाप मल्हारी, मुक्काम झरीकडचा, नोंद देणाऱ्याचा अंगठा, त्याच दिवसाचा. निळी शाई, डावा अंगठा, अगदी स्वच्छ उमटलेला. दोन वर्षं मी तो शोधत होतो. रायभाननं चहा दिला, तो प्यालो. गूळ जास्त झाला होता, एवढं आठवतं.

आता हे पत्र का, ते ऐक. हायकोर्टात अर्ज करायची मुदत आठ डिसेंबरला संपते. तो तू करायचा. सोबत वहीतल्या नोंदीची नक्कल आहे, रायभानचा हलफनामा (आता प्रतिज्ञापत्र म्हणायचं) आहे, आणि माझा. माझ्यात मी लिहिलं आहे, की अर्जदार बाईनं साक्षीत जे खोटं सांगितलं ते तिच्या वकिलानं शिकवलेलं होतं, खरं सांगायचा तिनं दोनदा प्रयत्न केला आणि वकिलानं तिला दोन्ही वेळा गप्प केलं. हे वाचून तू मला वेड्यात काढशील, वकिलीची सनद जाईल म्हणशील. जाईल बहुतेक. त्यातला एकही शब्द मऊ करू नकोस. वहीनंतर तिच्या बाजूला तोच एक पुरावा आहे. हलफनाम्याचा स्टँप आणायला काल मी स्वतः गेलो. स्टँपविक्रेत्यानं सवयीनं दौतीत टाक बुडवून विचारलं, कुणाच्या नावे? उभ्या जन्मात मी त्याला अशिलाचं नाव सांगत आलो आणि खर्च अशिलाकडून घेत आलो. काल माझं नाव सांगितलं आणि खिशातून पैसे दिले. त्यानं एकदा वर पाहिलं आणि लिहिलं. आज सकाळी तुझ्या वकालतनाम्यावर अंगठा घ्यायला भागुबाईच्या गावी गेलो. नशिबानं कळप अजून गावातच होता, निघण्याच्या बेतात. लिंबाजीला मुद्दाम बोलावून घेतलं आणि त्याच्या देखत तिला म्हणालो, की जूनमध्ये तू मला एक विचारलं होतंस, त्याचं उत्तर माझ्याकडं राहून गेलं. तू कुठंच चुकली नाहीस. शिकवलं तसं अक्षर न् अक्षर बोललीस; चुकीचं शिकवलं मी. लिंबाजीनं पुढं होऊन भावजयीच्या डोक्यावरचं बोचकं उतरवलं आणि घोड्यावर नीट बांधून दिलं. भागुबाईनं त्याच्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि पोरीला कडेवर घेतलं. ‘मंग निघू का, साहेब? मेंढरं फुडं गेली.’ मी म्हणालो, निघ.

तुझाच,
किशन